कर्नल बारगास मेला नाही

ब्युनोस आयर्स,
६ जानेवारी १९६४

ती. एदेल्मिराताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे तुझी प्रकृती बरी नसावी. गेल्या खेपेला, सत्तेचाळीस सालच्या ऑगस्टात, माझं पत्र चिकटवलं होतं तसंच परत आलं होतं. तेव्हापासून मी फक्त बाबांना दर नव्या वर्षाला कार्ड पाठवत आलो. कार्डाला फोडायला काही नसतं.

कामाचं लिहितो. माझा पाचवा चित्रपट ठरला आहे. आधीच्या चारांपैकी एकाला समुद्रकाठच्या महोत्सवात बक्षीस मिळालं, ते तिकडच्या पेपरात आलं असेल. गेल्या वर्षी कोरिएंतेस रस्त्यावरच्या थिएटरात लावलेलं माझं नाटक नवव्या प्रयोगाला बंद पडलं, तेही आलं असेल. ते कात्रण तर तू जपूनच ठेवलं असशील. निर्माता म्हणतो, यंदा चाललं तर चाललं, नाहीतर पुढच्या वर्षी साबणाच्या जाहिराती कर. म्हणून मला सगळ्यांत जास्त ठाऊक असलेली गोष्ट मी लिहायला घेतली, बाबांची. रेडिओवरच्या मालिकेत खलनायकाचं काम करणारा नट, मालिकेचा शेवटचा भाग गावोगाव स्टेजवर करून दाखवणारी आपली मंडळी, आणि लागुना सेकामधली ती संध्याकाळ, ज्या संध्याकाळी प्रेक्षकांनी वर चढून त्याचा पाय मोडला.

शूटिंग एप्रिलात आहे. मला तोच हॉल हवा. इटालियन मंडळाची सेक्रेटरी तू आहेस आणि किल्ली तुझ्या कमरेला असते, हे मला इथे बसून माहीत आहे. बाबांचा काळा झगा आणि मिशी मिळाली तर बरं, कारण आमचा कपडेवाला जे शिवतो ते पाद्र्यासारखं दिसतं. संहितेची प्रत सोबत आहे. बाबांना वाचून दाखव आणि त्यांची हरकत नाही अशी सही घे. त्यांना दिसत नसेल तर बोट धरून घे. पण वाचून मात्र दाखव, सगळी, एकही पान न गाळता.

बाबांना नमस्कार. तुमच्याकडे लोभ जेवढा उरला असेल तेवढा असू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ,
अनिबाल

---

लागुना सेका,
१९ जानेवारी १९६४

अनिबाल यास,
वडील बहिणीने आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून आशीर्वाद.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. पत्र फोडलं ते पोस्टमन समोर उभा होता म्हणून. इथे उन्हाने विहिरी तळाला गेल्या आहेत आणि बाबांचा उजवा डोळाही आता गेल्यात जमा आहे. तरी रोज दुपारी खोगीर शिवणाऱ्या एवारिस्तोबरोबर पत्त्यांचा डाव होतो. एवारिस्तो बाबांना त्यांचे पत्ते वाचून दाखवतो आणि मग त्यांनाच हरवतो. हा तोच एवारिस्तो. त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी स्टेजवर चढला तो, आणि बाबांच्या मांडीवर खुर्ची घातली तीही त्यानेच. त्याने निदान सतरा वर्षं रोज येऊन त्या खुर्चीची भरपाई केली. तू काय केलंस?

तुझी संहिता एका बैठकीत वाचली आणि ट्रंकेत टाकून वर कुलूप लावलं. बाबांना त्यातली एक ओळ ऐकवणार नाही. एक्केचाळिसाव्या पानावर तू त्यांना आरशासमोर बसवलं आहेस. मुलगा धावत येऊन नव्या शेवटाचं पान देतो, बाप ते वाचतो, गालात हसतो आणि खिशात घालतो. म्हणजे मुलगा वाचवायला आला होता, आणि बापानेच मिजाशीपायी स्वतःचा पाय मोडून घेतला. वा रे पुत्रा! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पडद्यावर दाखवलेल्या नव्हत्या.

तुझी आठवण शहरात जाऊन बिघडली असेल, म्हणून लिहिते. लेखक बेलत्रान काविळीने पडला आणि शेवटचा भाग लिहायचं काम तुला मिळालं. एकोणीस वर्षांचा होतास आणि रोसारिओच्या कॅफेत बसून शिंगं फुटली होती. आपल्या मंडळीत एक नेम होता. कर्नल बारगास पडदा पडण्याआधी मेलाच पाहिजे, आणि मेल्यावर बाबांनी उठून, मिशी काढून, छातीवर हात ठेवून लोकांना नमस्कार केलाच पाहिजे. तो नमस्कार कौतुकासाठी नसायचा. दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाव विकत घ्यायचा असायचा, त्यासाठी असायचा. लोक महिनाभर रेडिओला कान लावून कर्नलला शिव्या देत. मिशी निघाली की त्यांना कळे की हा बिचारा दोन मुलांचा बाप आहे. तुला हे शिळं वाटलं. तू लिहिलंस की कर्नल मरत नाही, आंधळ्या लुसेरोचा हात धरून तिला घेऊन जातो आणि पडदा पडतो. ते पान तुझ्या अक्षरात अजून माझ्याकडे आहे. स्टेजच्या पुढच्या पेटीत प्रॉम्प्टर म्हणून मी बसले होते आणि ती वाक्यं मीच बाबांना पुरवली. तुझ्या संहितेत ती पेटी रिकामी आहे. बहीणच नाही. हे एक बरं केलंस.

तेव्हापासून सगळे पेपर लिहितात, अनिबाल बेर्तोल्लीच्या नाटकात दुष्टाला शिक्षा होत नाही, काय धाडस! बापाच्या मोडक्या पायावर उभं राहून धाडस करायला काय जातं. इथे बेकरीवाली विधवा दोन वर्षं त्यांना ताजा पाव देत नव्हती. कालचा, परवाचा, गिऱ्हाइकांनी नाकारलेला देई आणि छातीवर क्रुसाची खूण करी.

हॉल मिळणार नाही. झगा कसरीने खाल्ला आहे, कॉलरजवळ कुणीतरी खोगिराच्या दोऱ्याने शिवलेला जाड टाका तेवढा शाबूत आहे. सही मिळणार नाही.

लोभ नव्हता, तेव्हा तो वाढण्याचं कारण नाही. कळावे.

एदेल्मिरा

---

ब्युनोस आयर्स,
२८ जानेवारी १९६४

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आमच्या कॅमेरामनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, या बाईला संवाद लिहायला घे. मी म्हटलं, बाई फुकटसुद्धा परवडणार नाही.

आता नीट वाच, कारण हेच मी सत्तेचाळीस साली लिहिलं होतं आणि तू परत पाठवलं होतंस. ते पाकीट माझ्या खणात आहे, तुझ्या हातची 'पत्र घेण्यास नकार' ही ओळ त्यावर आहे. पहिलं पान मी लिहिलं, मस्तीत लिहिलं, कबूल. पण त्या दुपारी बस लागुना सेकात शिरली तेव्हा मी लोकांची तोंडं पाहिली. बायका बसवर मूठ उगारत होत्या. एका म्हातारीने बाबांच्या खिडकीवर अंडं मारलं. दुसऱ्या अंकाच्या आधी मी विंगेत बसून पेन्सिलीने दुसरं पान लिहिलं. त्यात कर्नल गुडघे टेकतो, लुसेरोची क्षमा मागतो आणि मरतो, अगदी बेलत्रानसारखं, शिळंपाकं. तुला पेटीत आणून द्यायला गेलो नाही, कारण मंडळीचा दुसरा नेम तूच मला शिकवला होतास. आयत्या वेळचा बदल प्रॉम्प्टरला मुख्य नटानेच द्यायचा, लेखकाने नाही, नाहीतर दोघं दोन नाटकं करत बसतात. म्हणून ते मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि खिशात घातलं. मी समजलो, तुला देतील. पेटीत बसून तू स्टेज पाहिलंस ताई, मेकअपची खोली नाही पाहिलीस.

बाबांनी असं का केलं, ते मला माहीत नाही. पाच नाटकं आणि चार चित्रपट झाले, तरी मला तेच कळलेलं नाही. ते विचारायलाच हा चित्रपट करतो आहे. आणि दुष्टाला शिक्षा न होण्याचं म्हणशील, तर मी तेव्हापासून एकही खलनायक मारू शकलो नाही. त्याचं मरण लिहायला बसलो की हात थांबतो. पेपरवाले त्याला धाडस म्हणतात, मी त्यांना म्हणू देतो.

तू मात्र त्यांना तिथे कुलपात ठेवलं आहेस. कोणतं पत्र ऐकायचं, कोणतं नाही, हे तू ठरवतेस. सेवा म्हणतेस त्याला, मी पहारा म्हणतो. म्हणून संहितेची दुसरी प्रत मी आज एवारिस्तोच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवली आहे. त्याला वाचता येतं. निदान तो पानं गाळणार नाही.

राग असावा, पण एकदा तरी योग्य माणसावर असावा, ही विनंती.

अनिबाल

---

लागुना सेका,
६ फेब्रुवारी १९६४

अनिबाल यास,

दुसरं पान! मला वाटलंच होतं. लेखकाच्या खिशात नेहमी एक जास्तीचं पान असतं, आणि ते नेमकं खटल्याच्या दिवशी सापडतं. कुठे आहे ते पान? दाखव. माझ्याकडे पहिलं आहे, शाईतलं, तुझ्या सहीसकट. तू शूटिंग सुरू करून बघ, ते मी राजधानीतल्या पेपरला पाठवते. साबणाच्या जाहिरातीसुद्धा मिळणार नाहीत.

बाबांना विचार असं तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या प्रत्येक ओळीतून तेच ओरडतं आहे. मी विचारलेलं नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला असलं विचारत नाहीत.

पहाऱ्याचं म्हणतोस तर पहारेकऱ्याचा पगारही ऐक. रेल्वेतला तोबियास तुला आठवत असेल, आपल्या नाटकांना फुकटचे पास मागणारा. त्या वर्षी ऑक्टोबरात आमचं लग्न होतं. ऑगस्टात बाबांना फळीवर घालून आणलं, चार महिने प्लास्टर होतं, मंडळी पुढच्या गावाला निघून गेली आणि तू त्यांच्याबरोबर गेलास. तोबियास म्हणाला, तुझा भाऊ करील काहीतरी, आपण कोर्दोबाला जाऊ. मी म्हटलं, ज्याने बापाचा घात केला त्याच्या हाती बाप देऊ? तो गेला. त्याचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे असं ऐकते. मी पस्तावले नाही, कारण मला ठाऊक होतं की हे कोणामुळे झालं. तेवढं ठाऊक असलं की माणूस पुष्कळ वर्षं काढू शकतो. ते तू आता माझ्याकडून काढून घ्यायला निघाला आहेस, तेही पेन्सिलीच्या एका पानावर.

एवारिस्तोकडे तुझी प्रत पोचली. बाबा चार दिवस दुपारी तिकडेच आहेत. पत्ते इथेच टेबलावर पडले आहेत.

लिहू नकोस. लोभ ठेवू नकोस.

एदेल्मिरा

---

लागुना सेका,
१८ फेब्रुवारी १९६४

चि. एदेल्मिरा हिस,
अनेक आशीर्वाद.

माजघरातून स्वयंपाकघरात पोस्टाने पत्र पाठवणारा बाप तू पाहिला नसशील. अक्षर एवारिस्तोचं आहे, चुकाही त्याच्याच, पाप माझं. तोंडाने सांगितलं असतं, पण मी पडलो नट. आवाज फुटेल, डोळ्यांत पाणी येईल, त्यातलं खरं किती आणि सवयीचं किती ते मलाही कळणार नाही, आणि तू विरघळशील. कागदावर मला अभिनय येत नाही, म्हणून कागद.

अनिबाल खरं सांगतो आहे. त्याने मला पान दिलं होतं. रडकुंडीला आला होता बिचारा, म्हणाला की हे ताईला द्या, ते नको. मी हो म्हटलं आणि खिशात घातलं.

का, ते सांगतो. तुझ्या आईनंतर मला कोणी विचारलंही नाही की मला काय वाटतं. बावीस वर्षं मी रोज मरत होतो, पोरी. गोळीने, सुऱ्याने, एकदा तर पाद्र्याच्या शापाने. मरायचं, उठायचं, मिशी काढायची, हात जोडायचे, की मी वाईट नाही हो, मला पाव द्या. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी लिहिलं होतं की बारगास ताठ उभा राहतो आणि चालत जातो. आणि ते माझ्या मुलाने लिहिलं होतं, आणि ते चांगलं होतं. दुसरं पानही वाचलं, ते घाबरून लिहिलेलं होतं. मला ते चांगलं पान एकदा करायचं होतं, एकदाच. तू पेटीतून वाक्यं देत होतीस, मी म्हणत होतो, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तसा प्रयोग मी जन्मात केला नव्हता. मग एवारिस्तो उठला. (हे लिहिताना मी खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन आलो. एवारिस्तो.)

पाय मोडल्याचं दुःख मी कोणाला सांगितलं नाही, कारण ते माझं मीच ओढवून घेतलं होतं. पण तू दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणालीस की अनिबालने घात केला. मला ताप होता, मी गप्प बसलो. ताप उतरला, तरी गप्प बसलो. म्हटलं उद्या सांगू. मग तू तोबियासला परत पाठवलंस. त्या दिवशी सांगितलं असतं तर तू गेली असतीस. जायलाच हवं होतंस. मी परक्या गावात आडवा पडलो होतो, गाव मला शिळा पाव देत होतं, आणि तू एकटी माझ्या बाजूची होतीस. ती बाजू मला सोडवेना. खलनायकाचं काम आयुष्यभर केलं, पण खरं ते तेवढंच केलं.

पान मी फाडलं नाही. एवारिस्तोकडून झग्याच्या कॉलरमध्ये शिवून घेतलं. त्याला तेव्हापासून माहीत आहे. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला त्याच्या खुर्चीची आण घातली होती. टाका उसव.

मुलाला हॉल दे. त्याने पान एक्केचाळीस बरोबर लिहिलं आहे, फक्त मी हसलो नव्हतो.

आशीर्वाद देण्याचा हक्क उरला असेल तर तोच देतो, नसेल तर हे नुसतं पत्र समज.

तुझे,
बाबा

---

लागुना सेका,
२४ फेब्रुवारी १९६४

चि. अनिबाल यास,
आशीर्वाद.

गुरुवारी पोस्टमनने बाबांचं पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा बाबा अंगणात नळीने कडू माते-चहा पीत बसले होते. भांडं कधीच रिकामं झालं होतं, तरी नळी तोंडातून काढत नव्हते. मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग झगा काढला आणि टाका उसवला. एवारिस्तोचा टाका म्हणजे घोड्याच्या ओढीला टिकणारा, कात्रीचं टोक तुटलं. आत तुझं पान आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वर ठळक लिहिलेलं वाचता येतं: 'ताई, आधीचं टाकून दे. हे दे.'

सतरा वर्षं तो झगा मी दर वसंतात उन्हात घालत होते, झटकत होते, डांबरगोळी ठेवत होते. ती ओळ माझ्या हातापासून एका अस्तरावर होती.

तुला खोटारडा म्हटलं ते परत घेते. क्षमा मागायची मला सवय नाही, आणि तू लगेच क्षमा करशील आणि कुठल्यातरी नाटकात वापरशील, म्हणून मागतही नाही. उलट मीच तुझ्यावर चिडले आहे. एक पत्र परत आलं म्हणून गप्प बसलास? दुसरं का नाही पाठवलंस, तिसरं का नाही? गाडीत बसून येऊन दारावर धडका का नाही मारल्यास? लोकांसमोर चार-चार तास पात्रांना बोलायला लावतोस आणि स्वतःच्या बहिणीपुढे एका पाकिटात थकलास. मी तेव्हा तिशीचीही नव्हते रे. तोबियास नोव्हेंबरपर्यंत इथल्याच स्टेशनवर कामाला होता.

बाबांशी मी बोललेले नाही. एवारिस्तो दोन दिवस कुंपणापर्यंत येतो आणि परत जातो.

हॉलची किल्ली सोबत आहे. कुलूप जुनं आहे, किल्ली डावीकडे दाबून फिरव. झगा उसवलेल्या कॉलरसकट पाठवते, शिवू नकोस. सहीही पाठवते. बाबांनी स्वतःच मागून केली, बोट धरावं लागलं नाही. माझी अट एकच आहे. पेटी रिकामी ठेवायची नाही. तिथे एक बाई बसव. तिचा चेहरा दाखवला नाहीस तरी चालेल, आवाज मात्र ऐकू आला पाहिजे, कारण ते शेवटचं वाक्य बाबांच्या आधी मी म्हटलं होतं. आणि बाबा म्हणतात तसं कर, त्यांना हसवू नकोस. ते हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

तू येशील तेव्हा एक खोली झाडून ठेवीन. मी इथे असेन की नाही ते ठरवलेलं नाही. आता कोणामुळे राहायचं ते नव्याने बघायला हवं.

एक तेवढं सांगायचं राहिलं. बेकरीवाल्या विधवेची सून हल्ली रोज सकाळी गरम पाव घरी आणून देते. आज तो मी फडताळात ठेवला आणि बाबांपुढे शनिवारचा ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला, जरा वेळ हातात धरला. मला वाटलं, विचारतील. मोडायला त्यांना दोन्ही हात लागले, मग कॉफीत बुडवून सगळा खाल्ला आणि बशीतला चुराही बोटाने टिपून घेतला.

उद्याही तोच देणार आहे. किती दिवस देईन ते मला माहीत नाही. तू लवकर ये.

तुझी,
ताई